फरशीवरचा कीबोर्ड

भरमाप्पा कोरे यांनी उद्यमनगरातल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं वाळूचे साचे भरले. साच्यात वाळूचा एक कण जरी सुटा राहिला तरी ओतलेल्या लोखंडाला भोक पडतं आणि तो माल पुन्हा भट्टीत जातो. म्हणून साचा बंद करण्याआधी ते गुडघ्यावर बसून फुंकणीनं एकेक कण उडवायचे. शेजारच्याचे तीन साचे होईतोवर यांचे दोन व्हायचे. पण यांचे दोन परत यायचे नाहीत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नातीच्या, सुष्मिताच्या शाळेची दुरुस्ती अंगावर घेतली. बाकाचा पाय मोडला, खिडकीची कडी निखळली, की चौथीच्या शिवांजलीबाई सुष्मिताजवळ निरोप देत. दुसऱ्या दिवशी तिचा आज्जा पिशवीत हातोडी घालून दारात उभा.

२००८ च्या सप्टेंबरात शाळेत दहा लॅपटॉप आले. पुण्याच्या एका संस्थेनं ते दिले होते. मुलांसाठीच बनवलेले, स्वस्तातले, निळे, पाटीपेक्षा थोडे मोठे, वर धरायला मूठ. घेऊन आलेला प्रसेनजीत मूळचा गारगोटीकडचा, नुकताच शिकून बाहेर पडलेला. त्यानं बाईंना स्पष्ट सांगितलं, "दसऱ्यानंतरच्या सोमवारी गाडी घेऊन येतो. मुलं स्वतः मशीन चालवताना दिसली तर दहाही इथंच ठेवतो. नुसती कपाटात दिसली तर दुसऱ्या शाळेला देतो. तिकडं पण पोरं वाट बघतायत."

कपाट भरमाप्पांनीच केलं. दहा कप्पे, प्रत्येकात चार्जिंगची पिन. फळीची एक कड खरखरीत लागली, तर ती उतरवून पुन्हा रंधली.

पहिल्या दिवशी वर्गात नुसता कालवा. झाकण उघडलं की पडदा उजळायचा. त्यात कॅमेरा होता. मुलांना आपलीच तोंडं दिसली आणि एकेचाळीस जिभा बाहेर आल्या. एकानं बटणांखालच्या गुळगुळीत चौकोनावर बोटानं रेघ ओढली तर ती पडद्यावर उमटली. सुष्मिताच्या शेजारी बसणाऱ्या संघप्रियानं चुकून काहीतरी दाबलं, तर तबला वाजला. मग सगळ्यांना तबलाच पाहिजे झाला. एका मशीनवर चार-चार डोकी. प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटं यायची आणि अकराव्या मिनिटाला मागचा पोरगा शर्ट ओढायचा.

"आज्जा, आज मी घर काढलं," सुष्मिता सांगायची. "धूर बी काढला चिमणीतनं."

"फाउंड्रीची चिमणी काय?"

"व्हय की. काळा धूर."

हे ऐकून भरमाप्पा दोन भाकरी जास्त खायचे.

मग खंडेनवमी आली. शाळेत दरवर्षी पाटीपूजन होतं. मुलं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात. यंदा शिवांजलीबाई म्हणाल्या, सरस्वती पडद्यावर काढू. पोरांनी हरखून दहा सरस्वत्या काढल्या. एक निळी, एक जांभळी, एकीच्या हातात क्रिकेटची बॅट. दहाही मशीनं सतरंजीवर ओळीनं उघडी मांडली आणि पूजेचा मान भरमाप्पांना दिला.

ते अंघोळ करून, कपाळावर विभूती लावून आले होते. फाउंड्रीत यंत्राच्या पाठीला कुंकू लावत नाहीत. जिथं हात चालतो, तिथं लावतात. दांड्याला, मुठीला, चाकाला. भरमाप्पांनी बघितलं, या यंत्रावर हात कुठं चालतो? बटणांवर. त्यांनी दहाही मशीनांच्या बटणांवर चिमटी-चिमटी हळदकुंकू मनापासून वाहिलं, नारळ फोडला आणि फुलानं त्याचं पाणी शिंपडलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी खोबरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

शुक्रवारी कपाट उघडलं. सुष्मितानं एक बटण दाबलं, ते खाली गेलं आणि वर आलंच नाही. पडद्यावर एकच अक्षर ओळीमागून ओळी भरत सुटलं. दुसरं मशीन तसंच. तिसरं तसंच. नारळपाण्यात कुंकू कालवून खळ झाली होती.

भरमाप्पांना बोलावणं गेलं. ते आले, वाकून बघितलं, एक बटण बोटानं हलवलं.

"आज्जा, तूच लावलंस की," सुष्मिता म्हणाली.

"व्हय. मीच लावलं."

बाईंचा चेहरा उतरला होता. "सोमवारी गाडी येणार, मामा. आता काय दाखवायचं?"

"त्या पावण्यांस्नी फोन लावा. आधी सांगा, चूक भरमाप्पाची हाय. मग इचारा, ही बटणं निघत्यात काय."

प्रसेनजीतनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बटणं नखानं वर उचलली की निघतात. आधी बॅटरी काढा. स्पिरिटच्या कापसानं पुसा. "पण बाई, तारीख पुढं जाणार नाही. सोमवारी मी मशीनं ठेवून तरी जाणार, नाही तर घेऊन तरी जाणार."

एका मशीनला ब्याऐंशी बटणं. दहांची आठशे वीस. हातात शुक्रवार, शनिवार, रविवार.

भरमाप्पांनी पहिलं बटण उपसलं आणि थांबले. त्यांना मराठी आणि कानडी वाचता येत होतं. यावरची इंग्रजी अक्षरं येत नव्हती. फाउंड्रीत साचा उघडला की त्याचे भाग जसे निघाले तसेच जमिनीवर मांडायचे, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी खडू मागितला. वर्गाच्या फरशीवर कीबोर्ड काढला. एकेक चौकोन पुस्तकाएवढा. भिंतीपासून दारापर्यंत. बाई सांगत गेल्या, संघप्रिया चौकोनात अक्षरं लिहीत गेली.

"आता ऐका रं," भरमाप्पा म्हणाले. "एक बटण उपसायचं. पुसायचं. मला दाखवायचं. मी बरं म्हणलो की त्याच्या घरात नेऊन ठेवायचं. दुसऱ्याच्या घरात ठेवलं तर कान धरीन."

एकेचाळीस पोरं कामाला लागली. कोण उपसतोय, कोण पुसतोय, कोण पळतोय. भरमाप्पा खिडकीशी बसून प्रत्येक बटण उजेडात धरायचे. कोपऱ्यात लाल दिसलं की एकच शब्द, "परत." संघप्रियाचं एक बटण चार वेळा परत गेलं.

"आता कुटं लाल हाय, आज्जा? मला न्हाय दिसत."

"तुला न्हाय दिसत म्हनूनच परत."

पाचव्यांदा पास झालं, तेव्हा तिनं ते दोन्ही हातांत धरून नेलं.

शनिवारी भरमाप्पांची बायको शांतव्वा डबाभर भडंग घेऊन आली. फरशीवरचा पसारा बघून म्हणाली, "एक नारळ फोडला आणि आख्खी शाळा पुसायला बसवली. या मशीनांचं लगीन लावून दिलं असतंसा तर काय झालं असतं?"

"भडंग बाहीर. तेलाचा हात बटणाला लावायचा न्हाय," भरमाप्पांनी मान वर न करता सांगितलं.

पहिल्या मशीनला अर्धा दिवस गेला. प्रत्येक पोरगं चौकोन शोधत फरशीवर भिरभिरायचं. तिसऱ्याला शोधणं कमी झालं. सातव्याला कुणी खाली बघेना; बटण हातात आलं की पाय आपोआप त्या घराकडं वळायचे. पैजा लागल्या. बाईंनी अक्षर ओरडायचं आणि पोरांनी उडी मारायची. खडू पुसला जायचा आणि दर तासाला संघप्रिया तो पुन्हा गिरवायची. पुसायला बसलेली पोरंही तिथनंच ओरडायची, "वरच्या वळीत, डावीकडनं चौथं!"

रविवारी दुपारपर्यंत नऊ मशीनं बोलायला लागली. दहाव्याची लांब पट्टी बसेना. खालची तार वाकली होती. भरमाप्पांनी ती काढून नखावर सरळ केली. बसली नाही. पुन्हा काढली. चौथ्या खेपेला टिक्क झालं, आणि तबला वाजला.

सोमवारी अकराला गाडी दारात लागली. प्रसेनजीत आत आला. भरमाप्पा उभे राहिले. "पावणं, कुंकू मी लावलं. पोरांचा दोष न्हाय. बाईंचा तर अजिबात न्हाय."

त्यानं मान हलवली आणि मुलांना म्हणाला, "आपापलं नाव टाइप करून दाखवा."

दहाजण मशीनवर बसले. उरलेल्या एकतिसांना कुणी सांगितलं नव्हतं. ती फरशीवरच्या खडूभोवती उकिडवी बसली आणि चौकोनांवर बोटं आपटायला लागली. प्रसेनजीतची नजर मशीनांवरून उठून फरशीवर गेली. तो फरशीवरच्या पोरांपैकी सुष्मिताकडं वळला. तिला मशीनपुढं बसवलं, तिच्या डोळ्यांवर आपला रुमाल धरला आणि म्हणाला, "लिही." तिनं नाव लिहिलं. मग न विचारता आज्जाचं लिहिलं. एकही अक्षर चुकलं नाही.

"बाई, महिन्याभरात हे? यांना कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. पुसायला बसवलं होतं," बाई म्हणाल्या.

प्रसेनजीत दाराशी गेला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "गाडी वळवा. रिकामीच न्यायचीय." वर्गात असा दंगा झाला की शेजारच्या वर्गाचे सर डोकावले.

तो परत येऊन शेवटच्या मशीनवर सहज बोट फिरवू लागला. एका ठिकाणी थांबला. "काका, हे राहिलंय की. कडेला लाल हाय बघा."

भरमाप्पांनी चष्मा लावला. वाकले. खरंच होतं. त्यांनी नखानं ते बटण उपसलं आणि संघप्रियापुढं धरलं.

"परत," ते म्हणाले.

ती कापूस आणायला पळाली.