उघड्या डोळ्यांचा नरसिंह

एस.टी.त चिमाजीनं गोणपाटाची पिशवी वरच्या फळीवर ठेवली नाही. मांडीवर घेतली, वरून दोन्ही हात दाबले. कंडक्टर म्हणाला, "काय हाय बाबा, कोंबडं का?" तर चिमाजी म्हणाला, "कोंबड्याला तिकीट लागतं का?" पेठपासून नाशिकपर्यंत तो एवढंच बोलला.

पिशवीत गणपतीचं सोंग होतं. बोहाड्यात, म्हणजे गावच्या उत्सवात, देव नाचतात तेव्हा माणसाच्या तोंडावर बांधायचा लाकडी मुखवटा, त्याला डोंगरात सोंग म्हणतात. करंजपाड्याची सगळी सोंगं तीस-बत्तीस वर्षं चिमाजीनंच रंगवली. बरीचशी त्याच्या बापानं कोरलेली, सगळी त्यानं रंगवलेली. पण दोन वर्षांमागं गावानं त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला.

झालं होतं ते असं. नवसूच्या घरात चार पिढ्यांचं नरसिंहाचं सोंग होतं. ते रंगवायला चिमाजीकडं आलं. बोहाड्याच्या पंधरा दिवस आधी त्यानं ते परत दिलं, आणि चौथ्या दिवशी नवसू मेला. बोहाड्याला सोंग काढायला माणसं गेली तर घरात सोंग नाही. नवसूची बायको भागीबाई म्हणाली, "आमच्या घरात ते परत आलंच नाय." पंचात चिमाजीला उभं केलं. तो म्हणाला, "नवसूच्या हातात दिलं." तिथंच फसला गडी. नवसूचा हात महिनाभर उशीवरून हलत नव्हता, हे गावातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक.

मग काय, गावानं ठरवलं. चिमाजीनं सोंग शहरात इकलं. असली जुनी सोंगं दिवाणखान्यात टांगायला लोक घेतात म्हणे. पंचांचा म्होरक्या गोरक्ष म्हणाला, "इथून पुढं देवाला हात लावायचा नाय." तेव्हापासून पेठचा एक बोर्ड रंगवणारा येऊन सोंगं रंगवून जातो. गावची सरस्वती आता हॉटेलाच्या पाटीसारखी चकाकते.

आता खरं काय ते चिमाजीलाच माहीत. बाजाराचा दिवस होता. गावात चिटपाखरू नव्हतं. तो सोंग घेऊन नवसूच्या दारात गेला, तर घ्यायला पुरुष माणूस नाही. नवसू खाटेवर, पोरगा मनोज ओझरला कारखान्यात कंत्राटावर. सोंगाला बाईनं हात लावायचा नाही, ही करंजपाड्याची रीत. पण उन्हात देव घेऊन किती उभं राहणार? त्यानं ते भागीबाईच्या पदरात दिलं. हे पंचात सांगावं तर रीत मोडल्याचा गुन्हा कबूल. न सांगावं तर चोर. त्याला वाटलं, भागीबाई सांभाळून घेईल. तिनं साफ हात वर केले.

तेव्हापासून चिमाजीचा संशय मनोजवर. नवसूच्या वर्षश्राद्धाला पोरगा नव्या कोऱ्या मोटारसायकलवर आला होता. "बापाचा देव इकून गाडी घेतली," हे चिमाजी ज्याला त्याला सांगत सुटला. पुरावा? गाडी हाच पुरावा.

आणि आता ही आरोही. नाशिकची फोटो काढणारी पोरगी, डोंगरात तीनचार वर्षं हिंडणारी. शेजारच्या गावात तिनं चिमाजीला हाच गणपती रंगवताना पाहिलं आणि बोलावणंच धाडलं. प्रदर्शन आहे, फोटोवाले आणि चित्रकार आपापल्या कामाशेजारी उभं राहून त्यामागची गोष्ट सांगणार, तुम्हीही एक सोंग घेऊन या. चिमाजीच्या डोक्यात घंटा वाजली. शहरातल्या माणसाला सोंगाची एवढी आवड का? नरसिंह गेला तो असल्याच कुणाच्या तरी भिंतीवर. जावं, बघावं, भिंती चाचपाव्या.

निघताना बायको ललिता म्हणाली होती, "चहा घ्या, वडा घ्या, पण कागदावर सही करू नका."

"अंगठा बी नाय देत," चिमाजी म्हणाला.

नाशिकच्या पेठ नाक्यावर उतरून, रिक्षावाल्याशी भांडून तो हॉलवर पोचला. दारातच एका पोरानं वही पुढं केली. "काका, इथं नाव लिहा आणि सही करा."

"मला लिहिता येत नाय," चौथी पास चिमाजी म्हणाला आणि आत घुसला.

आत गार हवा सोडलेली. भिंतीवर चित्रं, प्रत्येकावर वेगळा दिवा. चिमाजी एकेक भिंत बघत चालला, चित्रं सोडून चित्रांच्या मागं, कोपऱ्यात, टेबलाखाली. एका पडद्यामागं डोकावला तर तिथं झाडू आणि बादली.

आरोही धावत आली. "काका, आलात! किती बरं वाटलं. द्या ना ती पिशवी."

"राहू द्या. माझ्याजवळच बरी."

तिनं त्याला टेबल दाखवलं. चिमाजीनं गणपती बाहेर काढून ठेवला आणि त्याला चिकटूनच उभा राहिला. आरोही वाकून बघायला लागली. लाल तोंड, पिवळा मुकुट, सोंडेवर पांढरी नक्षी. डोळ्यांच्या जागी नुसतं कोरं लाकूड.

"डोळे राहिलेत का रंगवायचे?"

"राह्यले नाय. ठेवलेत."

"म्हणजे?"

"डोळं उघडलं की देव जागा होतो. मग तो ज्या घरात उघडला त्या घरचा. म्हणून मी माझ्या घरात डोळं काढीत नाय. ज्याचं सोंग, त्याच्या उंबऱ्यावर बसून काढायचं आन् तिथंच हवाली करायचं. आमच्यात पोराटोरांना बी म्हाईत हाय हे."

"हेच सांगा ना सगळ्यांना!" ती म्हणाली. चिमाजीनं तिच्याकडं तिरकं पाहिलं. सांगून हिला काय मिळणार?

कार्यक्रम सुरू झाला. पन्नासेक माणसं, खुर्च्या थोड्या. आधी महेश नावाचा चित्रकार उठला. त्यानं गोदाकाठचं मोठं चित्र काढलं होतं. ते काढताना आपण तीन दिवस कसे रडत होतो हे त्यानं सांगितलं. लोक माना हलवत होते. चिमाजी शेजारच्या बाईला हळूच म्हणाला, "तीन दिवस? रंगाचा वास डोळ्यात गेला आसंल." बाई तोंडाला पदर लावून हसली.

मग आरोही उठली आणि कोपऱ्यातल्या फोटोवरचा कागद तिनं काढला.

गणपतीला चिकटलेला चिमाजी पहिल्यांदाच टेबलापासून हलला.

फोटोत नदीचा डोह होता. गुडघाभर पाण्यात एक म्हातारी, पाठमोरी, लुगडं खोचलेलं. तिच्या पुढ्यात, वीतभर पाण्याखाली, दोरीनं दगडाला बांधलेला नरसिंह. तांबडं तोंड, दातांची पांढरी कड, आणि वर आभाळाकडं बघणारे दोन डोळे. काळे, टपोरे, भोवती पिवळं वळण. ते वळण चिमाजीच्या हातचं होतं. दुसऱ्या कुणाला ते जमत नाही, बोर्डवाल्याला तर नाहीच.

पाठ बघूनच त्यानं ओळखलं. भागीबाई.

आरोही सांगत होती, "दोन वर्षांपूर्वी बोहाड्याच्या आधी मी नदी बघायला उतरले होते. भर दुपारी या आजी आल्या. मला बघून दचकल्या. मी विचारलं, हे काय करता? तर म्हणाल्या, कारभारी गेला, आता पोरगा इकायला बसलाय, रविवारी गिऱ्हाईक येणार हाय. देव बाजारात जाण्यापेक्षा पाण्यात गेलेला बरा. मी विचारलं, फोटो काढू का?  मग म्हणाल्या, काढ, पण आमच्या गावात कुणाला दावू नको. म्हणून गावाचं नाव मी इथं लिहिलेलं नाही."

लोक टाळ्या वाजवायला लागले. चिमाजी टाळ्यांमधूनच पुढं गेला.

"तारीख काय होती?"

"कशाची, काका?"

"फोटोची. तारीख सांगा."

आरोहीनं फोन काढून बघितलं. मार्चची सतरा. चिमाजीनं बोटं मोजली. नवसू तेराला गेला. म्हणजे राख सावडून झालेली, मनोज घरी आलेला, घरात पाहुणे. आणि डोळे उघडे. उघडे डोळे म्हणजे सोंग उंबऱ्यावर हवाली झालेलं. करंजपाड्यातल्या कुणालाही हा फोटो दाखवा, एका नजरेत कळेल की चिमाजी चोर नाही.

आरोहीनं माईक पुढं केला. "काका, तुमची गोष्ट सांगता ना?"

"माझी गोष्ट ती काय पाण्यात पडलीय," चिमाजी म्हणाला आणि माईक परत दिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला लाज वाटली. पुन्हा टाळ्या. यांना टाळ्या वाजवायला काहीही चालतं, चिमाजीच्या मनात आलं.

कार्यक्रम उरकल्यावर त्यानं आरोहीला कोपऱ्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. बाईच्या पदरात दिल्यापासून पंचापर्यंत. पोरीचा चेहरा उतरला. तो त्याच गावचा, हे तिला ठाऊकच नव्हतं.

"म्हणून म्हणतो, मला याची एक कॉपी द्या."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "नाही देता येणार, काका. मी आजींना शब्द दिलाय."

"आन् मी चोर म्हणून मरू?"

"आजींना विचारा. त्या हो म्हणाल्या तर मी स्वतः घेऊन येते. त्याच दिवशी."

चिमाजीला वाटलं हिच्या हातून तो फोन हिसकावा. शब्द म्हणे. नाशिकच्या भिंतीवर टांगताना कुठं गेला होता शब्द? पण शब्द गावाबद्दल होता, आणि गावात तिनं तो दाखवला नव्हता, हे त्यालाही नाकारता येईना. गणपती पिशवीत घालून तो निघाला. वडा राहिलाच.

सकाळी तो भागीबाईच्या अंगणात गेला. ती नागलीचं पीठ चाळत होती. वर बघितलंच नाही तिनं.

"वयनी, डोहातला नरसिंह पाह्यला मी."

चाळण थांबली. "कोणत्या डोहात? सपान पडलं का?"

"फोटोत. लुगडं खोचून उभी हायेस."

"दाव फोटो."

चिमाजीचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. "नाय माझ्याकडं."

"मग चाल रस्त्यानं. वरीसभर माझ्या पोराच्या गाडीवर गावभर बोललास, आता माझ्या लुगड्यावर आलास व्हय?"

"पोरीनं दिला नाय. मागितला मी. म्हणली, आजीला शब्द दिलाय, आजीला विचारा."

भागीबाईनं आता पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "असं म्हणली?"

"असंच. तोंडावर."

पीठ उडून तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. तिनं चाळण बाजूला ठेवली.

"मी खरं बोलले तर बाईनं देव बुडवला म्हणून मला काय करतील, ठाऊक हाय ना? आन् तू बाईच्या पदरात दिलास, ते?"

"ते मी सांगीन."

"आधी मी सांगायचं आन् मग तू म्हणशील, मी तर नवसूच्याच हातात दिलं होतं."

"मी आधी बोललो आन् तू गप बसलीस तर?"

"बसीन बी. माझा भरवसा धरू नको," भागीबाई म्हणाली आणि पदर झटकत उठली. "चाल."

गोरक्षच्या ओट्यावर माणसं जमली. रविवार, म्हणून मनोजही होता, गाडीला टेकून. चिमाजी उभा राहिला. त्यानं सांगितलं, दोन वर्षांमागं पंचात मी खोटं बोललो. सोंग नवसूच्या हातात नाय दिलं. भागीवयनीच्या पदरात दिलं. बाईच्या हाती देव दिला, हा माझा गुन्हा.

"झालं!" कुणीतरी म्हणालं. "चोरीवर शेण बी खाल्लं."

चिमाजीनं भागीबाईकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती. गोरक्षनं तंबाखू मळली, तोंडात टाकली. भागीबाई गप्प.  बसली ही. म्हणालीच होती, बसीन.

"मीच बुडवला," भागीबाई म्हणाली. "आन् त्याचं डोळं उघडं होतं. माझ्याच उंबऱ्यावर काढलं यानं. पोरगा रविवारी गिऱ्हाईक आणणार होता. ईचारा त्याला."

सगळ्या माना मनोजकडं वळल्या. मनोज लालेलाल. "आणणार होतो, आणलं तर नाय ना? देवच नव्हता घरात! आन् माझ्या गाडीचं काय ते बी काढा आता, चिमाकाका. बापाचा देव इकून घेतली ना?"

चिमाजीला पुन्हा उभं राहावं लागलं. हे मात्र पहिल्यापेक्षा जड गेलं. "गाडीचं मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"मोठ्यानं बोला. तेव्हा तर लय मोठ्यानं बोलत होता."

"गाडीचं मी खोटं बोललो!"

पोरं फिदीफिदी हसली. मग फोटोवाल्या पोरीचंही सगळं निघालं. दोन तास बडबड होऊन दोघांना दंड बसला, एकेक कोंबडा. चिमाजीचा ब्रश त्याला परत. भागीबाईनं पुढचे दोन बोहाडे देवाच्या पुढं यायचं नाही, मागं बसायचं. ती म्हणाली, "मागून बी दिसतं."

माणसं उठायला लागली तेव्हा गोरक्ष एकदम थांबला. "पर काय रे, ती नाशिकची पोरगी नेमकी त्याच दुपारी डोहावर कशी? गिऱ्हाइकाचंच माणूस नसंल ना?"

"असंल, असंल," दोघंतिघं म्हणाले. "शहरातली हाय. उगाच फिरत नाय कुणी."

"नाय," चिमाजी म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"मागितला तरी फोटो दिला नाय तिनं मला."

"मग? त्यात काय?" गोरक्ष म्हणाला. "दिला नाय म्हणजेच काळंबेरं हाय."

चिमाजी समजावायला लागला. ओट्यावर कुणी ऐकत नव्हतं. भागीबाई तेवढी पायरीवर थांबली होती.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "आन् पोरीला निरोप धाड. म्हणावं, फोटो घेऊन ये."