मावशी, खाली बसा

“मावशी, तुम्ही खाली बसा ना. खुर्चीवर बसून विणलेलं ऑथेंटिक वाटत नाही.”

बाई गोड आवाजात बोलत होत्या. कर्वेनगरातला हॉल, हस्तकलेचं प्रदर्शन, शनिवारची सकाळ. बांबूचे माझे आठ दिवे दाराशीच टांगलेले. त्यांच्याखाली सतरंजी अंथरलेली आणि सतरंजीवर घडी घातलेलं नऊवारी. माझ्यासाठी. मी सलवार-कमीजमध्ये आले होते, ते बाईंना चाललं नव्हतं.

मावशी म्हणे. बाई माझ्याहून चार वर्षांनी मोठ्याच असतील.

दिव्यांशेजारी कार्ड लावलेलं. वर ठळक अक्षरांत ‘संकल्पना’ आणि पुढे बाईंचं नाव. खाली बारीक टाइपात, ‘विणकाम : पारंपरिक बुरूड महिला कारागीर’. मला नाव आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत ते एकोणीस वर्षं माझ्या गळ्यातल्या कार्डावर छापलेलं होतं.

या बाई माझ्या जुन्या मॅनेजरच्या मिसेस. त्याच मॅनेजरनं दीड वर्षापूर्वी मला काढलं. मीटिंग रूममध्ये बोलावलं तेव्हा टेबलावर टिश्यू पेपरचा डबा आधीच ठेवलेला होता. म्हणजे मी रडणार हेही त्यांनीच ठरवून टाकलेलं. “तुझ्याबद्दल काही तक्रार नाही गं,” तो म्हणाला. “आता जरा स्वतःसाठी जग. काहीतरी क्रिएटिव्ह कर.” वीस मिनिटांत लॅपटॉप काढून घेतला. दारावर सिक्युरिटीवाल्यानं पर्स उघडायला लावली. रोज मला नमस्कार करणारा माणूस, त्या दिवशी माझ्याकडे न बघता माझा डबा चाचपत होता. मी रडले नाही. चाळीस इंटरव्ह्यू दिल्यावर मात्र रडले, पण ते घरी.

या लोकांची किळस येते. पण पहिली किळस माझी मलाच आली होती, ती आधी सांगते.

एका दिवाळीला ऑफिसात सुक्यामेव्याच्या टोपल्या वाटल्या. काठ बघितला आणि ओळखलं. आई शेवटची पट्टी आत दुमडते, आमच्या गल्लीत दुसरं कुणी तसं करत नाही. शेजारच्यानं मेवा संपवला, टोपली पायानं टेबलाखाली सरकवली आणि वर्षभर त्यात केळ्याच्या साली टाकल्या. मी रोज बघत होते. बोलले नाही. आई काय करते असं कुणी विचारलं की ‘गृहिणी’ म्हणायचे. तरीही पाठीमागे कुजबुज होतीच, कोट्यातून आली असेल. खासगी कंपनीत कोटा नसतो हे त्यांनाही ठाऊक होतं.

नोकरी गेल्यावर कुठेच जमेना, तेव्हा विश्रांतवाडीहून बस धरून कसबा पेठेत आईकडे जायला लागले. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “एवढं शिकवलं ते परत इथं बसायला?” आणि तोंड फिरवून बांबू फोडत राहिली. आठवडाभरानं तिनंच कोयती माझ्या हातात दिली.

बोटं फाटली. पण एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा पगार घेतला होता, तो डोळा शाबूत होता. सुपाची वीण घट्ट असते, दाणा गळू नये म्हणून. मी ती मुद्दाम सैल केली, उजेड गळावा म्हणून. फार सैल केली की आकार खचायचा. घट्ट केली की नुसतं सूप. “हे सूप नाही आणि दिवाही नाही,” आई म्हणायची. “चुलीत घाल.” तीन महिन्यांत पंचवीसेक फेकले. मग एका संध्याकाळी बल्ब लावला आणि आईच्या भिंतीवर ती वीण उमटली, छतापर्यंत. आई बघत राहिली. मग दिवा ओढून घेतला आणि शेवटची पट्टी स्वतःच्या हातानं आत दुमडली.

दिव्यांचे फोटो फिरत फिरत मॅनेजरकडे गेले. त्याचा फोन आला. “अगं, तू बुरूड आहेस हे कधी बोलली नाहीस! मिसेस प्रदर्शन भरवतीये, तू ये.” मी हुरळले. सरळ सांगते, हुरळले.

आता तोच मॅनेजर दोन पाहुण्यांना घेऊन माझ्या दिव्यांखाली उभा होता. “ही आमच्याकडे टेस्टिंगला होती,” तो त्यांना सांगत होता. “पण खरं टॅलेंट हे बघा. यांच्या रक्तातच असतं हो.”

ऑफिसात माझं डोकं कोट्याचं. इथं माझे हात रक्ताचे. मग एकोणीस वर्षं कुणी काढली? ते पंचवीस दिवे कुणी फेकले? मी कधी काही केलंच नाही की काय?

मी खुर्ची ओढली. तिच्यावर चढले आणि पहिला दिवा काढला.

“अहो मावशी, अकराला उद्घाटन आहे,” बाई धावत आल्या.

“कार्डावर माझं नाव लिहा. आणि आईचं.”

“अहो, लोकांना त्यामागची स्टोरी हवी असते. नावाला कोण विचारतं?”

“संकल्पना तुमची आहे ना? मग नेसा ते नऊवारी, बसा खाली आणि विणा.”

मॅनेजर म्हणाला, “इमोशनल होऊ नकोस.” मी दुसरा दिवा काढला. आठही काढले. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. सगळे मोबाइलमध्ये बघत होते.

रिक्षातून कसबा पेठेत उतरले. आईनं आठ दिवे परत आलेले पाहिले. सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, “मग आता ठेवणार कुठं हे? बघणार कोण?”



त्याच दुपारी ब्रश घेतला आणि प्रत्येक दिव्याच्या काठावर, रंग विणीत मुरेल अशी, दोन नावं घातली. आधी आईचं, मग माझं. नाव खरवडायचं तर आता वीण तोडावी लागेल. ज्यांना नावाशिवाय दिवा हवा असेल त्यांनी अंधारात बसावं.

विणताना मी जमिनीवरच बसते. आईही बसते, आजीही बसायची, बांबू पायात धरायला तेच सोयीचं पडतं. पण यापुढे कुणाला दाखवायला म्हणून खाली बसणार नाही.