आवाज झाला की थांबायचं

मी भित्रा माणूस आहे. उभी हयात रेल्वेत गँगमन म्हणून रुळांवर काढली, तरी हे खरं आहे. इकडे हिंदी मुलखात, गुढियारीच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मला कोणी तसं म्हणत नाही, कारण माझी मिशी मोठी आहे. पण त्या आठवड्यात मिशीही कामाला आली नाही. माझी मुलगी वीस वर्षांखालच्यांच्या जागतिक स्पर्धेत चारशे मीटर धावायला परदेशात गेली होती, आणि तिच्या पहिल्या फेरीला एकच दिवस उरला होता.

ती हरेल याची मला भीती नव्हती. मला भीती होती पिस्तुलाची. पिस्तूल वाजेल, बाकीच्या पोरी सुटतील आणि ही जागची हलणार नाही. कारण हे खूळ तिच्या डोक्यात मीच भरलं होतं.

रुळावर काम चालू असलं की आम्ही दूर अलीकडे पटाखे बांधतो. बारूद भरलेली चपटी डबी असते. चाक तिच्यावरून गेलं की धडाम आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक लावतो. आमच्या दुनियेत मोठ्या आवाजाचा अर्थ एकच, थांब. मुलगी सात वर्षांची असताना माझा डबा घेऊन लाइनीवर आली होती. इंजिन पटाख्यावर चढलं, आवाज झाला आणि ती घाबरून पळाली. मी तिला दोन थोबाडीत दिल्या.

"आवाज झाला का पळायचं नाही! जागीच थांबायचं! पळाली म्हणून मेलीच असती तू!"

त्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी क्वार्टरच्या अंगणात मी रुळाच्या तुकड्यावर घण मारायचो. ती खेळता खेळता जागच्या जागी थिजली की शाबासकी. दिवाळीत पाऱ्यातली पोरं बॉम्ब लावत आणि ही फुलबाजी धरून खांबासारखी उभी राही. मी ते लोकांना कौतुकाने दाखवायचो. अक्कल कुठे गहाण टाकली होती कोण जाणे.

पुढे ती शाळेत धावू लागली. शिट्टीवर शर्यत सुटायची तोवर सगळं ठीक होतं. राज्याच्या स्पर्धेत पहिल्यांदा पिस्तूल आलं तेव्हा मी बघायला बसलो होतो. सात पोरी सुटल्या. आठवी तशीच ओणवी, बोटं जमिनीला टेकलेली. ते थिजणं मी लगेच ओळखलं. अंगणात महिनाभर तेच तर पाहिलं होतं.

"सो गई थी क्या?" तिचे सर ओरडले. तिने मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे होऊन काही बोललो नाही.

चारशे मीटरमध्ये सुरुवातीला गमावलेलं शेवटी भरून काढता येतं, म्हणून सरांनी तिला तिकडे वळवलं. तिने भरून काढलंही. पण जगभरातल्या पोरींसमोर कुठून काढणार? म्हणून वर्षभर आम्ही उलटी शिकवणी लावली. मी घण मारायचो आणि ओरडायचो, "पळ!" ती पळायची, पण आधी माझ्या तोंडाकडे बघायची. पापणी लवते तेवढंच. शर्यतीत तेवढंच महाग पडतं. आणि तिकडे माझं तोंड असणार नव्हतं.

पहिल्या फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजले होते.

"बाबा, प्रॅक्टिस में आज भी रुक गई."

"जेवली का?" मी विचारलं. भ्यालो की मला दुसरं काही सुचत नाही.

"बाबा, सच बताओ. उस दिन मैं सच में मरने वाली थी?"

दर रविवारी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ अडखळते. बारा वर्षं अडखळत होती. का ते फक्त मला माहीत होतं.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. पटाखे जितक्या दूर नेऊन बांधायचे असतात तितकं चालायचा मला कंटाळा आला, म्हणून मी ते अर्ध्यावरच बांधले. वर पोरीला म्हटलं, बस इथे रुळावर. इंजिनाला थांबायला जागाच उरली नव्हती. आवाज झाला, तशी ती डबा टाकून लाइनीबाहेर पळाली. ती बसली होती ती जागा ओलांडून इंजिन थांबलं. डब्याचा पत्रा झाला. आणि मी लाल झेंडी हातात धरून जागीच थिजलो होतो. तिला हाकसुद्धा मारली नव्हती.

हे सगळं मी तिला सांगितलं. सांगताना मी फोन असा धरला होता की तिला माझ्याऐवजी छतच दिसत असणार.

"तू पळाली म्हणून वाचली, बेटा. थांबलो तो मी होतो. चूक माही होती, अन् मारलं तुले."

मग फोन बंद झाला.

बायको दारात उभी होती. "म्हंजे माह्या माहेरचा डबा हरवला नव्हता," ती म्हणाली. मग आवाज चढला. "बारा वर्सं काहून गप्प बसले? अन् सांगाले आजचाच दिवस भेटला तुमाले?"

आता तर पोरीचे पाय आणखी जड झाले असतील, ती धावायलाच उभी राहणार नाही, असं काहीबाही मनात येत राहिलं. मी तीनदा फोन लावला. तिने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने मोबाइलवर शर्यत लावून तो पाण्याच्या माठाला टेकवून ठेवला. आठ पोरी वाकल्या. आमची पाचव्या लेनमध्ये होती. माझ्या कानात माझाच घण वाजत होता. कंबरा वर उचलल्या गेल्या. आवाज झाला.

ती सुटली. कुठेही न बघता, सगळ्यांच्या बरोबरीने सुटली.

पुढची शर्यत मी पाहिलीच नाही. डोळ्यांत पाणी होतं. ती चौथी आली, पहिल्या तीन थेट पुढे गेल्या आणि वेळेच्या जोरावर पुढे जाण्याची हिची संधीही थोडक्यात हुकली, हे मला बायकोने सांगितलं.

तासाभराने फोन आला.

"देखा?"

"पाहिलं. मस्त सुटली तू."

"एक बात पूछूँ? उस दिन मैं भागी, तो आप मेरे पीछे क्यों नहीं भागे?"

"भेव लागलं होतं, बेटा."

"डर तो मुझे भी लगा था, बाबा. और मार भी मैंने ही खाई."

"हव," मी कबूल केलं. मग विचारलं, "जेवली का?"