कुर्लीचे पाय

आमच्या गावात लोक समुद्र बघायला येतात आणि कुर्ल्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण मागतात. काल आमच्याकडे उतरलेली एक नवी नवरी मागीलदारी आली, तेव्हा मी जिवंत कुर्लीचे पाय मोडत होते. ते बारीक पाय कुटून त्यांचा रस कालवणात घालतात. सगळी चव त्या रसात असते.

"आजी, आधी मारा तरी तिला."

"मारून ठेवलेली कुर्ली आम्ही चुलीवर चढवत नाही. पोटं बिघडतात."

"मग तिसऱ्या करा."

"त्या शिंपल्याही विळीवर जिवंतच उघडते मी."

तिचे डोळे भरले. "हिला समुद्रात सोडू या ना."

कुर्ली पाटीत नांग्या आपटत होती.

"सोड की," मी म्हटलं. "पाय नसलेल्या कुर्लीला मासे जिवंत कुरतडतील. तुला दिसणार नाही, एवढंच."

येणारे लोक समुद्राला शांत म्हणतात. वरून तो तसा दिसतोही. खाली मात्र सारखं कोणी ना कोणी कोणाला तरी फाडत असतं. आम्ही त्यातलंच थोडं काठावर आणतो आणि मसाला लावतो. आपली दया बहुतेक वेळा पाठ फिरवण्यापुरतीच असते.

मुलगी मात्र हलली नाही. "लवकर तरी करा," म्हणाली. मी वरवंटा घातला, कवच फुटलं. तिनं ते बघितलं.

दुपारी तिच्या नवऱ्यानं अर्धी कुर्ली ताटात टाकली आणि हात धुवायला उठला. तिनं त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"संपव ती," ती म्हणाली.