शालीची चुंबळ

"मावशी, ही टोपली जरा डोक्यावर घ्या ना. फोटो झकास येईल."

सोसायटीच्या सेक्रेटरीसाहेबांनी नवी कोरी टोपली माझ्या हातात दिली. आत प्लास्टिकचे पापलेट. दोन मिनिटांपूर्वी याच माणसाने माझ्या खांद्यावर शाल घातली होती, कोळीवाड्याचा इतिहास लिहिला म्हणून. अंधेरीच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. त्याला लागून हा टॉवर. टॉवरच्या हॉलमध्ये माझा सत्कार.

"मला एक पान वाचायचं होतं," मी म्हटलं.

"वाचन नको हो, लोक कंटाळतात. त्यापेक्षा एखादं कोळीगीत होऊन जाऊ दे."

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. वीस वर्षं याच बिल्डिंगमध्ये मासळी विकली. लिफ्टमध्ये वास राहतो म्हणून टोपली घेऊन जिन्याने नवव्या मजल्यापर्यंत चढले. तेव्हाही काही वाटत नसे. एकदा अंगवळणी पडलं की माणूस बधिर होतो.

मग माझ्या हातांनी जे केलं, ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. डोक्यावर कापडाची चुंबळ ठेवल्याशिवाय आम्ही टोपली घेत नाही, टाळू सोलून निघते. हातांनी आपणहून खांद्यावरची शाल ओढली, पीळ दिला, गोल गुंडाळली, डोक्यावर ठेवली. सत्काराची शाल. वर टोपली. हॉलभर टाळ्या. पुस्तकाला एवढ्या पडल्या नव्हत्या.

पहिल्या रांगेत माझी आत्या बसली होती. तिला दिसतं कमी, ऐकू त्याहून कमी. टॉवर उभा आहे तिथे पूर्वी बोंबील वाळवायचे. तिथे राबलेल्या बायकांची नावं आत्यानेच मला सांगितली, मी ती त्या पानावर उतरवली. तेवढं ऐकायला म्हणून ती आली होती. टाळ्या थांबल्या तशी मोठ्याने म्हणाली, "माझ्या आयचं नाव वाचलंस ना गो?"

तिला वाटलं, टाळ्या नावांना पडल्या.

तेव्हा लाज वाटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी टोपली उतरवली आणि साहेबांच्या हातात दिली. शाल उलगडून त्यांच्या खुर्चीवर टाकली. पुस्तक उघडलं. त्यांनी माईक दिला नाही, नाश्ता लागल्याचं जाहीर केलं. लोक उठले. मी स्टेजवरून खाली उतरून आत्याच्या कानाशी ओरडून एकेक नाव वाचलं. सतरा नावं. समोशाच्या प्लेटा घेतलेले लोक वळून बघत होते. बघू देत.

शाल तिथेच राहिली. आता जो कुणी बोलावतो त्याला आधीच सांगते, पहिल्यांदा नावं वाचणार, मग सत्कार. जमत नसेल तर शाल आपल्या कपाटात ठेवा. आणि पुस्तक पुन्हा छापीन तेव्हा तेच पान पहिलं असेल, टॉवरच्या पत्त्यासकट.