कलती टोपली

माझ्या सासूबाईंना त्यांच्या कामावर सगळे काटकोनबाई म्हणत. हे नाव रेडिओमावशीने ठेवलेलं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात आईंनी घातलेली चादरीची घडी अशी बसायची की सुताराने गुण्या लावून बघावा. घरीही तीच तऱ्हा. पायपुसणं तिरकं दिसलं तर आधी ते सरळ होणार, मग बाईसाहेबांचं पाऊल घरात पडणार. लग्न होऊन आले तेव्हा पहिलं वर्ष मी त्यांना घाबरून काढलं, पुढची काही चिडून काढली, मग सवय झाली. आता हे सांगताना माझा आवाज चढला तर तो रागाने चढलाय की मायेने, ते माझं मलाही नीट कळत नाही.

रेडिओमावशी म्हणजे आईंची कामावरची जोडीदारीण. धुलाईखान्यातलं काम जोडीनेच होतं. यंत्रातून निघालेल्या ओल्या चादरी मोठ्या टोपलीत भरायच्या, टोपलीच्या दोन कड्या दोघींनी धरायच्या आणि पलीकडे वाळवण्याच्या खोलीत न्यायच्या. दोन खोल्यांच्या मधे पायऱ्या आहेत. ज्याने ती इमारत बांधली त्याने जन्मात कधी ओली चादर उचलली नसणार. त्यामुळे चाकांची गाडी तिथे चालत नाही, माणसंच लागतात. मग सुकलेल्या चादरींच्या घड्या घालायच्या, त्याही समोरासमोर उभं राहून. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून या दोघी अशा समोरासमोर उभ्या होत्या.

आई दिवसभरात दहा वाक्यं बोलल्या तर डोक्यावरून पाणी. मावशीचं उलटं. ती श्वास घ्यायला थांबली तरी बॉयलरवाला आतून विचारायचा, वीज गेली का म्हणून. आमच्या घरी आली की चप्पल काढता काढता सुरू व्हायची. शेजारणीच्या मांजराला सर्दी झाली, खालच्या मजल्यावरचा जावई रुसून गेला, म्हाताऱ्या वडिलांनी दातांची कवळी पुन्हा कुठेतरी ठेवून दिली, सगळं आम्हाला पाठ. हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आई म्हणायच्या. म्हणायच्या आणि तिच्यासाठी चहात साखर जास्त घालायला मला खुणेने सांगायच्या.

शेवटची दोन वर्षं दोघींचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं, ते म्हणजे टोपली. टोपली मावशी भरायची आणि नेहमी एका बाजूला ढीग करायची. टोपली कलती. आईंच्या डोळ्यांना ते सोसवायचं नाही. सरळ भर, डोळे फुटले का तुझे, असं त्या रोज म्हणायच्या. तुझ्यासारखी गुण्या घेऊन नाही जन्मले मी, असं मावशी रोज म्हणायची. दहा वाक्यांतली दोन-तीन आई या टोपलीवरच खर्च करत. घरी आल्यावर मला सांगत, इतकी वर्षं काम करून हिला साधी टोपली भरता येत नाही.

त्याच सुमारास आईंच्या डाव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या होत्या. एकदा कप, एकदा वाटी, एकदा किटलीचं झाकण. दोष नेहमी कपाच्या कानाचा किंवा साबणाचा. मी गुपचूप जड पातेली खालच्या फळीवर आणली आणि त्यांच्यासाठी बादली अर्धीच भरून ठेवू लागले. त्यांच्यासमोर दुखण्याचा विषय काढणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं, हे मला एव्हाना कळलं होतं. त्यांना स्वतःला कळत होतं का? अर्धं कळत असावं. उरलेल्या अर्ध्याकडे त्यांनी पाठ फिरवली होती.

आणि मावशी आजारपणाच्या रजेवर गेली. खांदा धरलाय असं डॉक्टरचं म्हणणं. आठवडा गेला, रजा वाढली. तिच्या वाटचं काम बाकीच्या बायकांवर पडलं, टोपल्या वाहायला बाहेरची दोन माणसं लावावी लागली. आईंना घड्यांच्या टेबलावर बसवलं. बायका कुजबुजायला लागल्या. रेडिओने मुद्दाम बॅटरी काढून ठेवलीय, असा विनोदही निघाला. तिथले साहेब नवीन. खोटा दाखला देऊन घरी बसलेल्या एका माणसाला त्यांनी नुकतंच कामावरून काढलं होतं. त्यांनी आईंना बोलावून विचारलं, तुम्ही जोडीदारीण, खरं काय ते तुम्हालाच माहीत असणार. आईंनी सांगितलं की मला माहीत नाही.

ते खरं होतं, आणि तेच त्यांना डाचत होतं. संध्याकाळी माझ्याशेजारी बसून भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "मांजराची सर्दी सांगणारी बाई ती. खांदा दुखत असता तर डॉक्टरच्या आधी मी ऐकलं असतं." म्हणजे खांदा दुखतच नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब मलाही पटण्यासारखा वाटला.

सुट्टीच्या दिवशी त्या बसने कुठेशा निघाल्या होत्या. मावशीच्या इमारतीसमोर सिग्नलला बस थांबली. वर गॅलरीत मावशी उभी होती. तिने बादलीतून ओली चादर काढली, हात वर गेला आणि चादर दोरीवर पडली. वाकडी पडली, एक टोक पार खाली लोंबत राहिलं. मावशी ते तसंच सोडून आत गेली. आईंनी घरी येऊन हे सगळं सांगितलं, त्यातही लोंबणारं टोक आधी सांगितलं. ओली चादर दोरीवर टाकता येते आणि खांदा धरलाय म्हणे, एवढं बोलून त्या न जेवता आडव्या झाल्या.

पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, नसती उठाठेव करू नकोस. मी म्हटलं, उठा आणि तिच्या घरी जाऊन विचारा, दोन बसथांब्यांवर तर राहते. आईंना ते पटत नव्हतं. तिने सांगायचं होतं, मी का विचारू, हा हेका. मैत्रीत मानपान आला की असंच होतं. मी त्यांना आठवण करून दिली की त्या घरात कमावती ती एकटी आहे, वडील म्हातारे आहेत, साहेबांनी एकदा रजा खोटी ठरवली की नोकरी गेलीच. आईंनी सुरी खाली ठेवली.

"मग मी खोटं बोलू? त्यांनी परत विचारलं तर?"

"तर आधी मावशीला विचारते आणि मग सांगते, असं म्हणा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

त्यांनी ते ऐकलं की नाही, देव जाणे. साहेबांनी परत विचारलं तेव्हा आईंनी गॅलरीतली चादर सांगितली. पाहिलं तेवढंच सांगितलं, पदरचं एक अक्षर घातलं नाही, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून भांडी घासत होते. मला त्यांचा राग आला होता, आणि ज्या बाईने आयुष्यात कधी खोटी घडी घातली नाही तिच्यावर रागवायचं कसं, तेही कळत नव्हतं.

मावशी आता हजर होणारच, असं धरून साहेबांनी दुसऱ्या दिवसापासून बाहेरची माणसं बंद केली आणि तोवर आईंच्या जोडीला बॉयलरवाला दिला. चांगला धिप्पाड गडी, कामाला वाघ. त्याने टोपली भरली. आईंनी कडी धरली, टोपली उचलली आणि पहिल्याच पायरीवर त्यांची कडी सुटली. चादरी पायऱ्यांवरून घरंगळत खाली. जमिनीला लागलेली चादर पुन्हा यंत्रात जाते, म्हणजे अख्खी टोपली पुन्हा धुवायची. आई त्याच्यावर उखडल्या. माझ्याकडे ढीग केलात, मधोमध भरायला काय होतं, म्हणाल्या. त्याने कान पकडले, टोपली परत भरली आणि त्यांना दाखवली. आईंनी वाकून पाहिलं. टोपली सपाट होती. पायरीवर कडी पुन्हा सुटली.

तो बिचारा गोंधळून गेला. म्हणाला, "बाई, बरोब्बर मधोमध भरलीय. तुमच्या हाताला काही झालंय का?"

आई ओल्या पायरीवर बसल्या. बॉयलरवाल्याने पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही. ढीग नेहमी कुणाच्या बाजूला असायचा, हे त्यांनी इतक्या दिवसांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांना फक्त टोपली कललेली दिसायची. ती कलायची मावशीच्या बाजूला, रोज, प्रत्येक खेपेला. आणि गॅलरीतली चादर. जन्मभर चादरी हाताळलेली बाई चादर दोन हातांनी टाकते, एका हाताने भिरकावत नाही. मावशीचा एकच हात वर गेला होता. म्हणून चादर वाकडी पडली होती. आईंनी वाकडेपणा पाहिला आणि हात पाहिला नाही.

त्या तशाच भिजलेल्या कपड्यांनी साहेबांच्या खोलीकडे गेल्या. दार अर्धं उघडं होतं. मावशीला त्याच सकाळी बोलावून घेतलं होतं. साहेब आणि इस्पितळाचा एक डॉक्टर तिला उजवा हात वर करून दाखवायला सांगत होते. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती ओठ दाबून उभी होती. साहेब म्हणत होते की तुमच्या जोडीदारणीनेच तुम्हाला चादर वाळत घालताना पाहिलंय. मावशीने मान वळवली, तेव्हा तिला दारात आई दिसल्या.

"साहेब, आजारी मी आहे," आई म्हणाल्या. "रजा तिला घ्यावी लागली."

मग त्यांनी टोपलीचं सगळं सांगितलं. आपला डावा हात पुढे करून तोही तपासायला लावला.  संपल्यावर मावशी पर्स उचलून आईंच्या अंगाला न लागता बाहेर निघून गेली.

पुढचं थोडक्यात. मावशीची रजा खरी ठरली, नोकरी राहिली, बरी झाल्यावर तिला बसून करायचं शिवणाचं काम देणार असं ठरलं. आईंच्या मानेत नस दबली होती. फार उशीर केलात, असं डॉक्टर म्हणाले. आईंना कायमचं घरी बसवलं. त्यांनी त्यावर एकदाही कुरकुर केली नाही, आणि तेच मला बघवत नव्हतं. सकाळी उठून तयार होऊन बसायच्या, मग आठवायचं.

एके दिवशी त्या म्हणाल्या, चल माझ्याबरोबर. कुठे ते मी विचारलं नाही.

मावशीने दार उघडलं, ये म्हणाली नाही, पण दार लावूनही घेतलं नाही. वडील कोपऱ्यात पेंगत होते. त्या घरात मी पहिल्यांदाच घड्याळाची टिकटिक ऐकली.  मग मावशी आईंकडे न बघता म्हणाली, "दोन वर्षं उचललं मी तुला. तू एका वाक्यात खाली टाकलंस."

आईंनी मान खाली घातली. पाहिलं तेवढंच सांगितलं, हे त्या तिथे बोलल्या नाहीत.

"मला का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं.

"सांगितलं असतं तर तू टोपलीला हात लावला असतास?" मावशी म्हणाली. "त्याच दिवशी साहेबांकडे गेली असतीस, माझा हात चालत नाही म्हणून. सरळ माणूस तू. घरी बसली असतीस. आणि मी दिवसभर कुणाशी बोलले असते?"

आई रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तेव्हाच रडताना पाहिलं. मावशीने त्यांची समजूत घातली नाही. ती फक्त बसून राहिली, आणि मला वाटतं तिच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं.

गॅलरीत धुतलेल्या चादरीची बादली तशीच होती. आई उठल्या आणि उजव्या हाताने चादरीचं टोक ओढून काढलं. मी मदतीला पुढे झाले तर मावशीने नजरेनेच मला खाली बसवलं. ती उठली, डाव्या हाताने दुसरं टोक धरलं. दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. दोन म्हाताऱ्या, दोन चालते हात. पहिल्यांदा चादर दोरीपर्यंत पोचलीच नाही. दुसऱ्या खेपेला ती दोरीवर पडली, एक बाजू वर आणि एक टोक पार खाली.

मी आईंकडे बघत होते. पायपुसणं तिरकं असेल तर घरात न शिरणारी बाई. त्या लोंबणाऱ्या टोकाकडेच बघत होत्या.

"वाकडी झालीय," मावशी म्हणाली.

"राहू दे," आई म्हणाल्या.