निळ्या डब्याचे छर्रेकाका

चुकलो मी, आणि फसवल्याचा आळ घेतला छर्रेकाकांवर. हे आधीच सांगून टाकतो, कारण सिंगापूरच्या आमच्या नेमबाजीच्या क्लबात त्या काळी असलेले लोक अजून उलटंच समजतात. तसं समजायला त्यांना मीच शिकवलं. माझा आवाज मोठा आहे.

काकांचं खरं नाव क्लबात फार थोड्यांना माहीत होतं. एअर पिस्तुलाचे छर्रे निवडून देणारे म्हणून ते छर्रेकाका. चष्म्यावर घड्याळजीचं भिंग, समोर फोटोफ्रेममधून काढलेली काच, काचेखाली एका बाजूला पुठ्ठ्याची घडी. त्या उतारावरून ते एकेक छर्रा सोडायचे. छर्रा कमरेत बारीक असतो, त्यामुळे सरळ घरंगळत नाही, वळण घेतो. सारख्या बनावटीचे छर्रे एकाच जागी जाऊन थांबतात. तिथे काकांनी पेन्सिलीची रेघ मारलेली असे. रेघेच्या अलीकडे-पलीकडे गेलेला छर्रा ते चिमटीत उचलत आणि बाजूला ठेवत. "वाईट नाही हो तो," म्हणत. "याची भावंडं दुसरीकडे आहेत, इतकंच."

पुण्याकडे एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बंदुकीच्या गोळ्या तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर बायको गेली आणि ते जुरोंग ईस्टला मुलाच्या फ्लॅटवर लाँग टर्म व्हिजिट पासवर राहायला आले. "इथे तांदूळसुद्धा निवडलेले येतात, शेठ," ते मला म्हणाले. "सूनबाई पिशवी फोडते आणि थेट कुकरला लावते. मी दिवसभर करू काय?" मुलाच्या ऑफिसातल्या कुणीतरी त्यांना क्लबात आणलं आणि काकांना काम सापडलं. हे २००५-०६च्या सुमाराचं.

मला ते शेठ म्हणत, आणि त्यात टोमणा असे. मी चिंचवडचा फिटर. इथे कामगार म्हणून आलो, पुढे अवजारांचा धंदा काढला आणि घासाघीस करत करत बुकित तिमाहच्या महागड्या काँडोत पोचलो. माल उलटा करून लेबल वाचायचं, मग तोंड उघडायचं, ही माझी रीत. माझी मुलगी ईरा चौदाची झाली तेव्हा पिस्तुलाच्या नादी लागली. मी टांजोंग पगारच्या एका व्यापाऱ्याशी तीन आठवडे हुज्जत घालून तिच्यासाठी जर्मन छर्ऱ्यांचे डबे मिळवले, सगळे एकाच घाण्याचे. काकांपुढे ऐटीत ठेवले. त्यांनी एक उघडला, भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "माल खरा आहे. आता निवडू."

"अहो, एवढा भारी माल! यात निवडायचं काय?"

"भारी बासमती तुम्ही न निवडता शिजवता का?"

क्लबात कुणीतरी एकदा म्हणालं, अमेरिकेत लोक घरच्या टेबलावर पिस्तुलाची काडतुसं भरतात, गोळ्या स्वतः निवडतात. काकांचे डोळे चमकले. "कुठली गोळी घेतात? किती वजनाची? एका पेटीतल्या सगळ्या सारख्या निघतात?" तासभर ते त्या माणसाला सोडेनात. मग हसून म्हणाले, "इथे घरी असलं काही करायचं मनात आणलं तरी पोलीस चहाला येतील. आपले छर्रे बरे." छर्रेसुद्धा क्लबाबाहेर जात नसत. पिस्तुलाबरोबर तिथेच कुलपात राहायचे.

ईराचं आणि त्यांचं छान जमलं. ती घरी माझ्या मराठीला इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत उत्तर द्यायची, काकांशी मात्र मोडकंतोडकं मराठी बोलायची. काम संपलं की ते तिला आधी बेसिनकडे पिटाळत. "शिसं आहे, बाळ. आधी हात, मग चिवडा." घरून आणलेला चिवडा हात धुतल्याशिवाय कुणाला मिळत नसे. एकदा मीच तसा हात घातला, तर त्यांनी डबा मागे ओढला. "शेठ, इथे उधारी नाही."

ज्युनिअर संघाच्या निवडीचा दिवस आला. चाळीस गोळ्या, आणि संघात एकच जागा उरलेली. ईरा वर्षभर त्या जागेसाठी झुरत होती. मी कामावरून धावतपळत पोचलो तर तिच्यापुढे चेपलेला, निळा, स्वस्तातल्या छर्ऱ्यांचा डबा. असले छर्रे नवशिक्यांना हात बसायला देतात. मागे काकांच्या टेबलावर माझा जर्मन डबा उघडा पडलेला, निम्मा रिकामा.

माझं डोकं फिरलं. "काका, माझ्या पोरीला हा कचरा? आणि माझा माल कुणाच्या घशात घातलात?"

नेमबाजांची सगळी रांग वळून बघायला लागली. काका अर्धवट उठले. "शेठ, आधी झाकण उघडून..."

"लेबल वाचता येतं मला! तीस वर्षं तपासनीस होतात ना? लाज वाटली पाहिजे!"

ईरा रडवेली झाली. "पप्पा, डोंट चेंज लाह! काका सेड यूज धिस वन." मी तिच्यापुढचा निळा डबा उचलून आमच्या कपाटात सारला आणि जर्मन डबा तिच्यासमोर आपटला.

पुढचं मी तेव्हा पाहिलं, पण मला कळलं नाही. काका ईराजवळ गेले. जर्मन डब्यात बोट फिरवलं आणि तिला म्हणाले, "हेही छान आहेत हं. तू फक्त श्वास सांभाळ." आणि जागेवर जाऊन बसले.

ईराची जागा दोन गुणांनी गेली. चांगल्या नेमाच्या मधेच एखादा छर्रा उगाच मध्यापासून दूर लागायचा आणि ती आपल्या मनगटाकडे बघायची. मी ते खापरही काकांवर फोडलं. तुम्ही पोरीचं मन बिघडवलंत, म्हणालो. ते काच पुसत होते. "तिचा हात उत्तम आहे, शेठ," एवढंच बोलले. त्यानंतर ते क्लबात आले नाहीत. काही महिन्यांत पुण्याला परत गेल्याचं कानावर आलं. ईरानेही पिस्तूल सोडलं. "माय हँड नॉट गुड, लाह," म्हणाली. मी मात्र भेटेल त्याला सांगत राहिलो की म्हाताऱ्याने मला गंडवलं.

पुढच्या वर्षी क्लबाने आमचं कपाट रिकामं करायला बोलावलं. दोन्ही डबे तिथे होते. निळा उघडला. आत कापसावर जर्मन छर्रे, एकावर एक न टाकता शेजारी शेजारी मांडलेले. झाकणाच्या आत चिठ्ठी होती, वळणदार अक्षरात: "ईरासाठी. सगळे एका घरचे." जर्मन डबा पालथा केला, तर तळाशी दुसरी: "उरलेले. सरावाला."

निवडलेलं दुसऱ्या डब्यात जातं आणि उरलेलं मूळच्या डब्यात राहतं. माझ्या आईने जन्मभर तसंच केलं. आजही माझ्या घरी बिस्किटांच्या डब्यात पोहे आहेत आणि कॉफीच्या बरणीत मोहरी, आणि लेबल वाचून मी कधी फसलो नाही. काकांच्या डब्यापुढेच मला व्यापारी व्हायचं सुचलं.

मी चिठ्ठ्या खिशात घालून जुरोंग ईस्टला गेलो. त्यांच्या मुलाने दार उघडलं. "बाबांना जाऊन दोन महिने झाले," तो म्हणाला. "पुण्यातच. तुमची आठवण काढायचे. म्हणायचे, शेठचं डोकं तापतं, पण माल खरा आणतो."

"त्या दिवसाबद्दल काही बोलले?"

"कुठल्या दिवसाबद्दल?"

घरी येऊन ईराला दोन्ही चिठ्ठ्या दाखवल्या. तिला मराठी नीट वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तिने आधी उजव्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

माझा गुन्हा मला कबूल आहे. पण काका, तुम्हीही उत्तर द्यायला हवं. गोळ्या सुटण्याआधी तुम्ही गप्प बसलात ते मला समजतं. पोरीचा हात कापू नये म्हणून तुम्ही माझी शिवी गिळलीत. पण नंतर? काच पुसत होतात तेव्हा दोन्ही डबे चार पावलांवर होते. मी ओरडत होतो, माझ्यावर ओरडायचं होतंत. झाकण माझ्या तोंडावर मारायचं होतंत. निघण्याआधी एक फोन करायचा होतात. माझी चूक मला कळली नाही, ती माझी अक्कल. पण ईरा वर्षभर समजत राहिली की तिचाच हात वाईट आहे, आणि तो वाईट नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मला नका सांगू. तिला सांगा, काका. झाकण का उघडलं नाहीत?